पेशीतील पाठराखीण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी ग्रंथालयाचा ऋणी आहे. ज्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मी शालेय वयापासून बसत आलो, त्याच्या व्यासपीठावर उभे राहताना मनात संकोच आहे. त्यात आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या, हेही मला ठाऊक आहे. मराठीचा अध्यापक म्हटला की तो संतवाङ्मयावर बोलेल, फार तर नाटकावर बोलेल, अशी रास्त अपेक्षा असते. कीटकनाशकांनी पिकांच्या कोवळ्या रोपांत कोणती प्रथिने जागी होतात, हा विषय पत्रिकेवर वाचून दोन सभासदांनी छपाईत चूक झाली असावी, अशा समजुतीने कार्यालयात दूरध्वनी केल्याचे मला सांगण्यात आले. चूक झालेली नाही. या विषयाचा मी अधिकारी नव्हे, हे मात्र आरंभीच कबूल करतो. जे सांगणार आहे ते वाचून आणि महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारून विचारून समजून घेतलेले आहे.

हा नाद लागण्याचे कारण घरगुती आहे. माझे थोरले बंधू देवासच्या बाजूला आमची वडिलोपार्जित जमीन कसतात. २०१४ च्या डिसेंबरात त्यांच्या हरभऱ्यावर अळी दिसू लागली. रोपे महिन्याभराची होती. गड्याने शेजारच्या शेतातून पाठीवरचा पंप मागून आणला, एकदा विसळला, त्यात कीटकनाशक कालवले आणि दोन बिघ्यांवर फवारणी केली. त्याच पंपाने आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या गव्हात टू-फोर-डी हे तणनाशक मारले होते, हे नंतर कळले. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांना मारते आणि गव्हासारख्या गवतवर्गीय पिकाला सोडून देते. हरभरा हा बिचारा रुंद पानांच्या पंक्तीतला. दोन दिवसांत पहिल्या पंपाखाली आलेल्या ओळींचे शेंडे मुरडले, खोडे वाकडी झाली, पाने आकसली. आठवड्याभरात त्या ओळी गेल्या. पुढच्या पंपांखालच्या ओळी मुरडल्या, पण पंधरा-वीस दिवसांनी बाजूने फुटवे काढून उभ्या राहिल्या. त्यापुढच्या ओळींकडे पाहिले तर काही घडले आहे, असे वाटतच नव्हते.

मी त्या रविवारी गावी गेलो होतो. बांधावर उभे राहून दादांनी त्या हिरव्यागार ओळींकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "अरे, तू एवढी पुस्तकं वाचतोस, एवढं सांग. यांना काहीच झालं नाही, की झालं आणि यांनी सांगितलं नाही?"

दादा शेतकरी आहेत, शाळा त्यांनी दहावीनंतर सोडली. पण हा प्रश्न मला कोणत्याही परिसंवादात ऐकलेल्या प्रश्नांहून नेमका वाटला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला द्यावयाचे, दहा वर्षांहून अधिक उशीर झालेले उत्तर आहे.

उत्तराची सुरुवात शेतात होत नाही, एका माशीत होते. इटलीतील फेरुच्चो रितोस्सा हे संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. ही गुणसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरचे पट्टे मोजता येतात, आणि जेथील जनुके कामाला लागलेली असतात तेथे गुणसूत्र फुगलेले दिसते. एके दिवशी प्रयोगशाळेतील उबवणपेटीचे तापमान कोणीतरी वाढवून ठेवले. रितोस्सांनी पाहिले तो नेहमीचे फुगीर भाग ओसरलेले आणि भलत्याच ठिकाणी नवे फुगवटे आलेले! आपण असतो तर पेटी बिघडली म्हणून कुरकुर केली असती आणि नमुना फेकून दिला असता. त्यांनी तो ठेवला, पुन्हा पुन्हा उष्णता देऊन पाहिला, आणि १९६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याआधी एका नामांकित नियतकालिकाने तो लेख साभार परत केला होता. संपादकांचे हे 'साभार' आपल्या साहित्यिकांच्याच नशिबी असते असे मला वाटे. तो समज दूर झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या पहिल्याच लेखातली एक गोष्ट लक्षणीय आहे. तेच फुगवटे उष्णतेवाचूनही आले होते, डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन दिल्यावर. या रसायनाच्या कुळातील संयुगे त्या काळी तणनाशके आणि कीटकनाशके म्हणून वापरात होती. म्हणजे ऊन आणि विष ही दोन संकटे आपल्याला कितीही वेगळी वाटली, तरी पेशीचे उत्तर दोघांना काही अंशी एकच असते, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून समोर होती.

ते फुगवटे कोणती प्रथिने घडवतात हे १९७४ मध्ये आल्फ्रेड तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्यांना उष्माघात प्रथिने हे नाव पडले. नाव थोडे अपुरे आहे, कारण शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, दुष्काळ, विषारी फवारा, अशा अनेक आघातांनी ती तयार होतात. म्हणून पुढे ताण-प्रथिने असाही शब्द रूढ झाला.

ही प्रथिने करतात तरी काय? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. पेशीत ती तयार होते तेव्हा ती नुसता दोरा असते. विशिष्ट घड्या पडल्याखेरीज तिला काम करता येत नाही. उष्णतेने किंवा विषाने घड्या विसकटल्या की आतला चिकट भाग उघडा पडतो, प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा गोळा होतो. अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते, ते याच प्रकारचे. ताण-प्रथिने त्या विसकटलेल्या साखळीला धरून ठेवतात, चिकटू देत नाहीत, पुन्हा घडी पडण्याची संधी देतात. आणि जे सुधारण्यापलीकडे गेले आहे ते विल्हेवाटीला पाठवतात.

इंग्रजीत या रेणूंना शॅपरोन म्हणतात. हा शब्द रॉन लास्की यांनी १९७८ मध्ये एका प्रथिनासाठी वापरला आणि जॉन एलिस यांनी १९८७ मध्ये त्याला व्यापक अर्थ दिला. तरुण मुलीसोबत समारंभाला जाणारी, तिच्यावर लक्ष ठेवणारी प्रौढ स्त्री म्हणजे शॅपरोन. आमच्या सहकाऱ्यांनी मला विचारले, मराठीत काय म्हणाल? मी म्हटले, आपल्याकडे याहून नेमका शब्द तयार आहे: पाठराखीण. नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत पाठराखीण जाते, तिला नव्या घरात स्थिर करते आणि मग माघारी येते. त्या घरची होऊन राहत नाही. पेशीतील ही प्रथिनेही तशीच. नव्या साखळीला घडी पडेपर्यंत सोबत करतात आणि बाजूला होतात, तयार प्रथिनाचा भाग बनत नाहीत. परिभाषा घडविण्यासाठी संस्कृत धातूंची खाण उपसण्यापूर्वी एकदा आजीच्या शब्दांची पेटी उघडून पाहावी, असे मला या निमित्ताने वाटले. आपली अनुमती असल्यास यापुढे मी हाच शब्द वापरीन.

या पाठराखिणी एरवीही पेशीत थोड्या प्रमाणात असतातच. संकटाची वर्दी मिळण्याची त्यांची रीत मोठी सुरेख आहे. त्यांची जनुके जागी करणारा एक घटक पेशीत असतो. शांततेच्या काळात पाठराखिणीच त्याला धरून बसलेल्या असतात. घड्या विसकटलेली प्रथिने वाढली की त्या मदतीला धावतात, तो घटक मोकळा होतो, जनुकांवर जाऊन बसतो आणि आणखी पाठराखिणी घडवू लागतो. काम आटोक्यात आले की त्या परततात आणि त्याला पुन्हा धरतात.

आता माशीकडून रोपाकडे येऊ. हे काम सोयाबीनवर झाले आहे, आणि सोयाबीन म्हटले की माळव्यातल्या माणसाचे कान टवकारतात. देशातले सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ पासून आपल्याच इंदुरात आहे. मात्र मी सांगतो तो प्रयोग अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातला. तेथील संशोधकाचे नाव जो की. (हे मराठी वाक्यात घालताना फार पंचाईत होते, वाचणारा पुढच्या उपवाक्याची वाट पाहत राहतो.) १९८१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनची कोवळी रोपे २८ अंशांवरून ४० अंशांवर नेली. रोपांनी नेहमीची प्रथिने घडविणे बहुतांशी थांबवले आणि पाठराखिणी घडविण्याचा सपाटा लावला. १९८४ मध्ये असे दिसले की ४५ अंशांवर दोन तासांत मरणारी रोपे, आधी ४० अंशांवर दोन तास ठेवली तर ४५ अंशही सोसतात. आणि तीच सोसण्याची ताकद २८ अंशांवरच, उष्णता न देता, आर्सेनाइटचे द्रावण देऊनही आली. आर्सेनाइट हे एकेकाळी तण मारण्यासाठी सर्रास वापरले जाणारे विष. ते प्रथिनांतील गंधकाला जाऊन चिकटते आणि घड्या बिघडवते. पेशी त्याला ऊन समजून उत्तर देते.

येथे कोणी म्हणेल, मग बरेच झाले की! थोडे विष द्यावे, रोप कणखर होईल. या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे रोपात विघटन झाल्यावर जे द्रव्य उरते ते रोपाच्या रोगप्रतिकारक व्यवस्थेला जागे करते, हे २०१० मध्ये दाखविले गेले; कीड नसतानाही बीजप्रक्रिया केलेली रोपे टवटवीत का दिसतात, याचे एक कारण त्यात असू शकेल. पण सोयाबीनच्या प्रयोगातला दुसरा अर्धा भाग विसरू नये. पाठराखिणी घडत होत्या तेव्हा बाकीचे कारखाने बंद होते. ज्या साहित्यातून मूळ वाढायचे, पान रुंदायचे, त्यातूनच ही तरतूद होत होती. मोठ्या झाडाला हे परवडते. अंकुराची सारी शिदोरी बियांच्या दोन डाळिंब्यांत बांधलेली असते. हिरवे पान स्वतःचे पोट भरू लागेपर्यंत तीच पुरवून खायची असते.

पाठराखिणी हा बचावाचा एक भाग झाला. दुसरा भाग विषाची विल्हेवाट लावण्याचा, आणि माझ्या मते आमच्या हरभऱ्याचे रहस्य अधिक करून तेथे आहे. प्राण्यांना मूत्रपिंडे असतात, विष बाहेर टाकता येते. झाड जागचे हलत नाही आणि बाहेर टाकायची सोयही त्याला जवळजवळ नाही. ते तीन टप्प्यांत काम उरकते. प्रथम विषाच्या रेणूला कोठे तरी हात लावून तो जोडता येईल असा करायचा. मग त्याला साखरेचा किंवा ग्लुटाथायोन नावाच्या छोट्या गंधकयुक्त रेणूचा टॅग लावायचा. आणि अखेर तो पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवायचा. जुन्या वाड्यांत जसा अडगळीचा माळा असे, तशी ही रिक्तिका. मक्याच्या शेतात अॅट्राझिन मारले तर तण मरते आणि मका उभा राहतो, तो मुख्यतः मका हे ग्लुटाथायोनचे काम झपाट्याने करतो म्हणून.

ग्लुटाथायोन जोडणारी जी विकरे आहेत, ती संकटात वाढवली जातात. येथे एक गमतीची आणि माझ्यासारख्या कोशांत रमणाऱ्या माणसाला फार आवडलेली हकीकत आहे. सोयाबीनच्याच रोपांत एका गटाला उष्णतेने आणि कॅडमियमने वाढणारे एक जनुक सापडले. त्यांनी त्याला उष्माघात प्रथिनांच्या यादीत क्रमांक दिला. दुसरा गट वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकांवर काम करीत होता. त्यांना टू-फोर-डी दिल्यावर झपाट्याने जागे होणारे एक जनुक सापडले; त्यांनी त्याला आपल्या यादीतले नाव दिले. पुढे जुळवून पाहिले तो दोन्ही जनुके एकच! आणि त्यातून घडणारे प्रथिन म्हणजे ग्लुटाथायोन जोडणारे विकर. एकाच माणसाला माहेरचे आणि सासरचे अशी दोन नावे असावीत, तशातला प्रकार. १९९५ पर्यंत हेही स्पष्ट झाले की हे जनुक अनेक निरनिराळ्या रसायनांनी जागे होते.

म्हणजे आमच्या हरभऱ्याला ज्या टू-फोर-डीचा स्पर्श झाला, त्याच द्रव्याला सोयाबीनचे रोप काय उत्तर देते, हे नोंदलेले आहे. हरभराही शेंगवर्गीयच, सोयाबीनचा दूरचा भाऊबंद. त्याच्या त्या हिरव्यागार ओळींत असेच काही घडले असेल, असे मानण्यास आधार आहे. घडलेच, असे मी म्हणणार नाही. ते पाहायचे तर त्याच दिवशी मुळे खुडून, वाटून, त्यातली प्रथिने विजेच्या प्रवाहाखाली जेलीच्या पट्टीवर वेगळी करून कोणता पट्टा गडद झाला ते पाहावे लागले असते. त्या रविवारी आमच्या बांधावर तसले काही नव्हते. प्रयोगशाळेत दिलेली मात्रा आणि शेतात पडणारी मात्रा यांत पुष्कळ अंतर असते, हेही विसरून चालत नाही. ताण-प्रथिन वाढले म्हणजे पीक बुडाले, असा अर्थ काढणारे लेख मी वाचले आहेत. ते घाईचे आहेत.

आणखी एक वाट आहे, ती थोडक्यात सांगतो. पॅराक्वाट हे तणनाशक हरितलवकातील प्रकाशाच्या यंत्रणेतून इलेक्ट्रॉन पळवते आणि प्राणवायूला देते. त्यातून अत्यंत दाहक असे प्राणवायूचे रूप तयार होते. त्याला विझविणारे विकर मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले. पॅराक्वाटचा हलका स्पर्श झालेल्या रोपात अशी विझविणारी विकरे वाढतात. जास्त मात्रेत ती अपुरी पडतात आणि उन्हात काही तासांत पान करपते.

हे सारे वाचताना मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते या गोष्टीने, की पाठराखिणी फक्त रोपात नाहीत. जिवाणूपासून माणसापर्यंत त्या आहेत, आणि इतक्या सारख्या आहेत की जिवाणूतील एका मोठ्या पाठराखिणीची अमिनो आम्ले माणसातील तिच्या बहिणीशी निम्म्याच्या आसपास जुळतात. फवारणारा गडी उघड्या हातांनी पंप भरतो, तोंडाला रुमाल असला तर असला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली, ते आपण वृत्तपत्रांतून वाचले. त्या बातम्या मी वाचत होतो तेव्हा दादांचा प्रश्न पुन्हा आठवला, आणि तो आमच्या गड्याबद्दलही विचारायला हवा होता हे लक्षात आले. २०१४ च्या त्या दिवशी सर्वांनी हरभऱ्याची चौकशी केली. त्याला डोके दुखते का, मळमळते का, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. मीही नाही.

इंदुरात हा विषय निघाला आणि अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव आले नाही असे होऊ नये. १९२४ मध्ये ते येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक झाले. येथेच त्यांनी आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची रीत बसवली. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथातून ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. कीड ही पिकाच्या आरोग्यातील दोष दाखवते, अशी हॉवर्ड यांची धारणा होती. आजच्या शेतीला ती जशीच्या तशी लावता येईल, असे मला वाटत नाही. दादांनाही वाटत नाही, घाटेअळी आली की तेही फवारतात. पण रोपाची प्रकृती बाहेरून दिसते तेवढीच नसते, ही हॉवर्ड यांची मूळ शंका पुढच्या काळातील जेलीच्या पट्ट्यांनी खरी ठरविली, एवढे म्हणता येईल.

त्या वर्षी दादांनी तिन्ही भागांचा हरभरा वेगळा मळला. मुरडून उभ्या राहिलेल्या ओळींचा उतारा उघडच कमी होता. न मुरडलेल्या ओळींचाही नेहमीपेक्षा थोडा कमी भरला; परंतु ती बाजू उताराची आहे, तेथे पाणी कमी ठरते, त्यामुळे दोष कोणाचा हे ठरविता आले नाही. दादांनी मात्र दोन पंप घेतले. तणनाशकाच्या पंपावर तांबड्या रंगाचा पट्टा आहे आणि तो कोणाला उसना मिळत नाही.

आज येताना मी दोन ताटल्या आणल्या आहेत. पंधरा लिटरच्या पंपाच्या तळाशी, नळीत आणि दांडीत मिळून पाव लिटर द्रावण उरते असे धरू. अडीच लिटर पाण्याने विसळले की तीव्रतेचा अकरावा हिस्सा राहतो. तीनदा विसळले तर १३३१ वा हिस्सा. गव्हासाठी लिटरला साधारण एक ग्रॅम टू-फोर-डी असते असे मानले, तर तिसऱ्या विसळणीच्या पाण्यात ते लिटरला पाऊण मिलिग्रॅम उरते. या पाण्याला वास नाही, रंग नाही. एका ताटलीतील हरभरे मी नळाच्या पाण्यात भिजवून फडक्यात बांधले होते, दुसऱ्या ताटलीतील दादांच्या तांबड्या पट्ट्याच्या पंपाच्या तिसऱ्या विसळणीच्या पाण्यात. पहिल्यांना लांब, पांढरे मोड आले आहेत. दुसऱ्यांना मोड आले आहेत, पण आखूड, जाड आणि टोकाशी फुगलेले. व्यासपीठाच्या डावीकडच्या मेजावर त्या ठेवल्या आहेत. अध्यक्षांचे भाषण झाल्यावर अवश्य पाहाव्यात. दुसऱ्या ताटलीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे, कारण आपल्या चहापानाच्या बश्याही त्याच मेजावर आहेत.